चिठ्ठीवर एक ओळ वाढवा: कोकणातल्या पुरोहित मंडळींना खुलं पत्र

प्रति,
रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील समस्त पुरोहित मंडळी

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

गुरुजी, घरात बाळ जन्मलं की पहिला फोन सासर-माहेरी जातो आणि दुसरा तुम्हाला. वेळ सांगितली जाते, तुम्ही पंचांग उघडता आणि कागदाच्या कपट्यावर, हल्ली व्हॉट्सॲपवर, तीन गोष्टी लिहून देता: नक्षत्र, चरण (म्हणजे नक्षत्राचा चौथा भाग), आद्याक्षर. ‘हस्त, तिसरे चरण, ण.’ तिथून बारशापर्यंत त्या घरात जे चालतं, त्याबद्दल हे पत्र आहे.

‘ण’वरून नाव हवं म्हणून बाळाचा बाप मोबाईल घेऊन पडवीत बसतो. आत्या मुंबईहून यादी पाठवते. ‘ण’ने सुरू होणारं नाव मराठीत नाही, संस्कृतातही नाही. मग कोणीतरी चार अक्षरं जुळवून एक नाव तयार करतो, त्यापुढे ‘अर्थ: विष्णूचा अंश’ असं लिहिलेलं असतं, आणि बाराव्या दिवशी पाळण्यात ते नाव त्या पोराच्या गळ्यात पडतं. विचारलं तर उत्तर एकच असतं: ‘गुरुजींनी अक्षर काढून दिलं होतं.’

आमचं मागणं एका ओळीचं आहे. चिठ्ठीवर अक्षराखाली एवढं लिहा: ‘हे अक्षर जन्मनावापुरते. हाक मारायचे नाव कोणत्याही अक्षरावरून, पण अर्थ पाहून ठेवावे.’ यात शास्त्राबाहेरचं काही नाही. शास्त्र याहून वेगळं सांगतच नाही, हे तुम्ही जाणताच. ज्या घरांपर्यंत ते पोचलेलं नाही त्यांच्यासाठी पुढचं लिहितो आहोत.

नामकरणात नावं चार. हे काही आडबाजूच्या ग्रंथात दडलेलं नाही. संगमेश्वराजवळच्या गोळवलीच्या पाध्ये घराण्यातल्या काशीनाथशास्त्रींनी 1790च्या सुमारास पंढरपुरात पुरा केलेला ‘धर्मसिंधु’ आपल्या बहुतेकांच्या कपाटात असतो, त्यात ती चारही सांगितली आहेत: देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम. काशाच्या थाळीत तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीने जी नावं लिहायची ती हीच. पहिल्या ओळीत कुलदेवतेचा भक्त म्हणून: रवळनाथभक्त, व्याडेश्वरभक्त, सातेरीभक्त. दुसऱ्या ओळीत मासनाम. चैत्रापासून क्रमाने वैकुंठ, जनार्दन, उपेंद्र, यज्ञपुरुष, वासुदेव, हरी, योगीश, पुंडरीकाक्ष, कृष्ण, अनंत, अच्युत, चक्री. तिसऱ्या ओळीत नक्षत्राच्या चरणाचं अक्षर घेऊन केलेलं नाव, म्हणजेच जन्मनाव. आणि चौथ्या ओळीत जगात वावरायचं नाव.

अक्षराचं बंधन तिसऱ्या ओळीला आहे, चौथीला नाही. शिवाय ही तिसरी ओळ मुळात गुप्त ठेवायची. घरच्या संस्कारांचे नियम सांगणाऱ्या आश्वलायन गृह्यसूत्रात गुरूला अभिवादन करताना सांगायचं एक वेगळं नाव आहे आणि ते मुंजीपर्यंत फक्त आईबापांना माहीत असावं असं म्हटलं आहे. पुढच्या निबंधकारांनी, म्हणजे धर्मशास्त्राचे संग्रहग्रंथ लिहिणाऱ्यांनी, नाक्षत्रनामाला हाच नियम लावला. जे नाव आईबापांनी मनात ठेवायचं, तेच आज बारशाच्या केकवर साखरेने लिहिलेलं असतं. आणि जे नाव जन्मभर चारचौघांत वापरायचं, त्याच्या अर्थाकडे बघायला कुणाला सवड नसते. ओळींची अदलाबदल झाली ती अशी.

‘पण पुढे लग्नाच्या वेळी पत्रिका जुळवताना अक्षर लागेल ना?’ हा प्रश्न तुम्हालाही येत असणार. जन्मवेळ ठाऊक नसेल तेव्हा नावाच्या अक्षरावरून रास धरायची, ती अडचणीची सोय होती. आज दवाखान्याच्या प्रसूती नोंदवहीत मिनिटापर्यंत वेळ असते. पत्रिका वेळेवरून होते. अक्षरावाचून तिचं काही अडत नाही.

आता हे अक्षर तरी किती पक्कं असतं, ते पाहू. चंद्र एक नक्षत्र सरासरी एका दिवसात ओलांडतो, पण त्याची गती सारखी नाही. कधी 21 तासांत नक्षत्र संपतं, कधी 27 लागतात. म्हणून चरण सव्वापाच तासांचंही असतं आणि पावणेसातचंही. घाईत सहा-सहा तासांचे सरसकट तुकडे पाडले की चूक होते. समजा हस्त मंगळवारी दुपारी 2.10ला लागलं आणि बुधवारी दुपारी 12.10ला संपलं. एकूण 22 तास, म्हणजे चरण साडेपाच तासांचं. पहिलं संध्याकाळी 7.40पर्यंत, दुसरं रात्री 1.10पर्यंत, तिसरं सकाळी 6.40पर्यंत. रात्री दीडला जन्मलेलं बाळ तिसऱ्या चरणातलं, अक्षर ‘ण’. सहाचे तुकडे पाडले तर तेच बाळ दुसऱ्यात जातं आणि अक्षर येतं ‘ष’. दुसरी नेहमीची चूक पंचांगातल्या त्या दिवसाच्या नक्षत्राची. ते सूर्योदयाला असलेलं नक्षत्र. त्याच्यापुढची समाप्तीची वेळ न बघता दिवसभर तेच धरलं की संध्याकाळच्या बाळाला सकाळचं नक्षत्र मिळतं. मध्यरात्रीनंतरच्या जन्माला तर हमखास गोंधळ, कारण काही पंचांगांत रात्री दीडची वेळ 25.30 अशी छापलेली असते आणि इंग्रजी तारीख मात्र पुढे सरकलेली असते. (एका बाबतीत विनाकारण डोकं शिणवलं जातं. बाळ मुंबईत झालं काय नि मालवणात झालं काय, घड्याळ एकच असल्याने नक्षत्राची समाप्ती तीच. गावाप्रमाणे सूर्योदय आणि लग्न (जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास) बदलतं, चंद्रनक्षत्र नाही.)

या चुका गणिताच्या, सुधारता येतील अशा. पण पंचांगच वेगळं असेल तर? कोकणात टिळक पंचांग पाळणारी घरं आहेत, हे तुम्हाला सांगायला नको. अधिक मासात गणपती वेगळ्या महिन्यात आले की अख्ख्या वाडीला कळतं. टिळक पंचांग रैवतपक्षाचं, बाकीची बहुतेक चित्रापक्षाची, आणि दोन्हींच्या अयनांशांत, म्हणजे नक्षत्रचक्राची सुरुवात कुठे धरायची त्या मापात, सुमारे 4 अंशांचं अंतर. चरण असतं 3 अंश 20 कलांचं. म्हणजे त्याच बाळाचं, त्याच मिनिटाचं अक्षर एका घरात ‘ण’ आणि शेजारच्या घरात ‘ठ’ किंवा थेट चित्रेचं ‘पे’. दोन्ही घरं श्रद्धाळू आणि दोन्ही पंचांगं शास्त्रीय. गुप्त नावापुरती ही गोष्ट राहिली तर काहीच बिघडत नाही, ज्याने त्याने आपल्या पंचांगाप्रमाणे करावं. पण ज्या अक्षराबद्दल दोन पंचांगांचं एकमत नाही, त्याच्यापायी निरर्थक नाव जन्मभर वागवायला लावणं हा कसला धर्म?

अडचणीच्या अक्षरांची वाटही जुन्यांनी काढून ठेवली आहे. 27 नक्षत्रांच्या 108 चरणाक्षरांत ङ, ञ, ण ही तीन अशी की त्यांच्यावरून शब्दच सुरू होत नाही. त्यांच्या जागी अनुक्रमे ग, ज, ड घ्यावेत असा संकेत आहे. ब आणि व, श आणि स यांच्यात भेद धरत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घही नाही. इतकी मुभा अवकहडा चक्राच्या, म्हणजे चरणांची अक्षरं सांगणाऱ्या कोष्टकाच्या, पोटातच आहे. शिवाय अवघड वाटणारी काही अक्षरं खरं तर श्रीमंत आहेत. ‘घ’ला घनश्याम आहे, ‘ष’ला षण्मुख आणि षडानन, ‘फ’ला अर्जुनाचं फाल्गुन, ‘ढ’ला काशीचा ढुंढिराज. ‘ठ’ आणि ‘थ’ मात्र खरोखर कोरडे. तिथे जन्मनाव मुकाट्याने कसंही करावं, थाळीतल्या तांदळात लिहावं आणि तांदळातच ठेवावं.

आता अर्थाकडे. याद्यांमधून जे अर्थ सांगितले जातात त्यांची तऱ्हा एकदा पाहाच. ‘आरव’ म्हणजे ‘शांत’ असं सर्रास लिहिलेलं आढळेल. संस्कृतात आरव म्हणजे आवाज, गलका, आरोळी. शांत हवं असेल तर ‘अरव’ म्हणावं लागेल. एक काना अर्थाचं तोंड उलटं फिरवतो. नाव वाईट नाही, शंखाच्या नादालाही आरव म्हणता येईल, पण आईबापांना आपण काय ठेवलं ते ठाऊक असावं. ‘रियांश’मध्ये अंश आहे, पण कोणाचा? ‘शिवांश’ फोडला की शिव निघतो, ‘देवांश’ फोडला की देव. ‘रियांश’ फोडला की हाताला काही लागत नाही. ‘रेयांश’ तर इंग्रजी किरणाला संस्कृत शेपूट लावल्यासारखं दिसतं. ‘अनया’ म्हणजे संस्कृतात ‘हिच्याकडून’, हे सर्वनामाचं तृतीयेचं रूप. ‘अनय’ धरावा तर त्याचा अर्थ अनीती. ‘कियारा’ इटालियनमधून आलेलं, अर्थ तेजस्वी, स्वच्छ; इथे अर्थ आहे, पण घरच्या कुणाला तो माहीत नसतो. आणि ‘कृष्णा’चं लाडकं ‘क्रिश’ शाळेत शुद्ध करून लिहिताना ‘कृश’ होतं. कृश म्हणजे रोडावलेला. गुटगुटीत बाळाला हे कशाला?

उलट कोशात कोरडा वाटणारा अर्थ कथेत भिजलेला असतो. ‘अपर्णा’चा शब्दार्थ पानं नसलेली. तपाच्या दिवसांत गळून पडलेलं पानही खायचं सोडलं ती पार्वती, हे सांगणारं कोणी घरात असेल तरच त्या नावाला मोल. ‘अनिकेत’ म्हणजे बिनघराचा. गीतेच्या बाराव्या अध्यायात ते भक्ताचं लक्षण म्हणून आलंय, ज्याचं मन कुठल्याच घराला चिकटलेलं नाही तो. म्हणून आमचं म्हणणं असं की नावाचा अर्थ यादीतल्या दोन शब्दांत शोधू नये. तो देवाच्या कथेत, स्तोत्रात, सहस्रनामात कुठे येतो ते विचारावं, आणि हे विचारायला तुमच्याहून जवळचा माणूस गावात नाही. विष्णुसहस्रनामाची पोथी घरोघर आहे. हजार नावं, अर्थासकट, हाताशी असताना पोराचं नाव जाहिरातीच्या यादीतून यावं याचं वाईट वाटतं.

मुलांना देवाची नावं का ठेवत, याचं कारण भागवताच्या सहाव्या स्कंधात अजामिळाच्या कथेत आहे. त्याने धाकट्या मुलाचं नाव नारायण ठेवलं होतं. मरताना भीतीने मुलाला हाक मारली आणि तेवढ्यावर विष्णुदूत धावले. कथा खरी-खोटी हा वाद बाजूला ठेवू; तिच्यामागचा हिशेब आपल्या आज्यांना बरोबर कळला होता. खळ्यातून, विहिरीवरून, मांगरातून पोराला दिवसातून पन्नासदा हाक मारायची, तर ती हाक देवाची का नसावी? भात लावताना वेगळा जप करायला वेळ कुणाला होता?

हाकेवरून आठवलं. गृह्यसूत्रांत नाव कसं असावं याचे नियम आहेत: पहिलं अक्षर घोष, म्हणजे ग-ज-द-ब यांच्या जातीचं, मधे य-र-ल-व या अंतःस्थांपैकी एखादं, मुलाला दोन किंवा चार अक्षरं, मुलीला विषम अक्षरं आणि शेवटी ‘आ’. देव, हर, भव, जनार्दन, गदाधर ही मुलांची, यशोदा मुलीचं. हे नियम कानाचे आहेत. घोष वर्णाने सुरू होणारं आणि मधे अंतःस्थ असलेलं नाव लांबवर जातं. माडाखाली उभं राहून ‘जनार्दनाऽ’ अशी हाक मारून बघा आणि मग त्याच जागी ‘तन्मय’ किंवा ‘क्षितिज’ अशी मारून बघा, फरक लगेच कळेल. नाव पक्कं करण्याआधी ते खळ्यातून एकदा मोठ्याने हाकारून पाहावं. गळा अडखळला की समजावं, बारशानंतर आठ दिवसांत त्याचं ‘बाबू’ होणार.

पण हेही कानाचे नियम आहेत, बेड्या नव्हेत. मुलीचं नाव विषम अक्षरी आकारान्त हवं म्हटलं तर लक्ष्मी बसत नाही, गौरी बसत नाही, सरस्वती बसत नाही. देवींचीच नावं सूत्राबाहेर! मनूने तर नदी, झाड, नक्षत्र, पक्षी यांच्या नावाच्या मुलीशी लग्न करू नये असं लिहून ठेवलं, आणि कोकणातल्या घराघरात गंगा, गोदा, यमुना, तुळसा, रोहिणी, रेवती नांदल्या. लोकांनी श्रद्धेने नदीची नावं ठेवली आणि शास्त्राने मुकाट मान तुकवली. इतक्या ठिकाणी जे शास्त्र वाकलं, ते एका आद्याक्षरापाशीच ताठ का उभं राहावं?

मनूचं नाव निघालं आहे तर बाजू दोन्ही सांगायला हव्यात. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात मुलींच्या नावाबद्दल जो श्लोक आहे, त्यातल्या अटी आजही कुणाला नाकारता येणार नाहीत: उच्चाराला सोपं, क्रूर नसलेलं, स्पष्ट अर्थाचं, मनाला भावणारं, मंगल, शेवटी दीर्घ स्वर आणि आशीर्वाद वाहणारं. ‘विस्पष्टार्थ’ हा त्यातला शब्द प्रत्येक चिठ्ठीवर छापावा असा. फक्त मुलींनाच का, मुलांनाही लावा. पण त्याच्या दोन श्लोक आधी ब्राह्मणाचं नाव मंगल आणि शूद्राचं नाव ‘जुगुप्सित’, म्हणजे किळस येईल असं, ठेवावं असं आहे. नावातून माणूस जन्मभर खाली दाबायची ही तजवीज. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हा ग्रंथ जाळला गेला, तो आपल्याच रायगड जिल्ह्यात, आणि बाबासाहेबांचं मूळ गाव मंडणगडातलं आंबडवे. 1956नंतर कोकणातल्या बौद्ध वाड्यांतून सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, सुजाता, यशोधरा, प्रज्ञा ही नावं आली. एकेका नावामागे एक माणूस, एक कथा, एक मूल्य, आणि घरातल्या लहान पोरालाही ते सांगता येतं. अर्थ पाहून नाव ठेवायचं ते कसं, हे बाकीच्या गावाने त्या वाडीत जाऊन शिकावं.

दगडू, धोंडू, केरू, भिकू ही नावं मात्र वेगळ्या दुःखातून आली. पाठीवरची भावंडं जगत नसत. दृष्ट लागू नये, सटवाईने विसरून जावं, म्हणून ठेवलेली. आज त्यांना हसू नये. धोंडो केशव कर्व्यांना या नावाने कुठे अडवलं? 1958 साली, वयाच्या शंभरीत, ते भारतरत्न झाले. नाव आशीर्वाद देतं, नशीब लिहीत नाही. पण ‘नकोशी’ हे नाव त्या मालिकेत बसत नाही. ते दृष्टीसाठी नव्हतं, मुलगी नको म्हणून होतं. 2011 साली सातारा जिल्ह्यात अशा अडीचशेहून अधिक मुलींना नवी नावं देण्यात आली. घाटाखाली असं नाव कुणी सुचवलंच, तर गुरुजी, थाळीत ते लिहू नका, एवढा अधिकार तुमचा आहे.

आजोबांचं नाव ठेवण्याची चाल कोकणात अजून घट्ट आहे, आणि तिचा एक नेहमीचा पेच आहे: सून सासऱ्याचं नाव कसं घेणार? म्हणून मग विष्णू असलेला ‘आबा’ होतो, सदाशिव असलेला ‘बाळा’. हाक एक, दाखल्यावर दुसरं, आणि खरं नाव फक्त मतदार यादीत. रत्नागिरीत जन्मलेल्या केशव गंगाधर टिळकांचं घरातलं ‘बाळ’ हेच नाव इतिहासात गेलं, पण सगळ्यांचं नशीब तसं नसतं. तोडगा सोपा आहे. आजोबांचं नाव देवतेचं असेल तर त्याच देवतेचं दुसरं नाव घ्यावं. विष्णूचा केशव किंवा अच्युत, सदाशिवाचा ईशान, लक्ष्मीची कमला. पितरांचा मान राहतो आणि सुनेचं तोंडही मोकळं राहतं. देवळात कौल लावून नाव विचारणारी घरं आहेत. त्यांना एवढंच सांगावं की देवापुढे नेण्याआधी नावाचा अर्थ बघून घ्या. रवळनाथ उजवी पाकळी देईल, शब्दकोश उघडणार नाही.

नोंदणीचा भाग रूक्ष आहे, पण सर्वांत जास्त गोंधळ तिथेच होतो, आणि लोक विचारतात तुम्हालाच. जन्म 21 दिवसांत नोंदवायचा असतो. नाव त्या वेळी द्यायलाच हवं असं नाही. नावाचा रकाना कोरा ठेवून जन्म नोंदवता येतो. पुढे 12 महिन्यांपर्यंत नाव बिनशुल्क घालता येतं, आणि विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. म्हणून दवाखान्यातून सुटी मिळताना नर्सने फॉर्म पुढे केला की घाबरून अक्षरावरचं पहिलं सुचेल ते नाव लिहून देऊ नये. बारसं होऊ द्यावं. एकदा लिहिलेलं नाव पुरतं बदलायचं म्हणजे प्रतिज्ञापत्र, राजपत्र आणि वर्षभराचे हेलपाटे. 1 ऑक्टोबर 2023पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो, त्यामुळे तिथली वेलांटी पुढे सगळीकडे जाते.

आणखी एक बदल ध्यानात घ्या. 1 मे 2024पासून जन्मलेल्या मुलांचं नाव महाराष्ट्रात बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं चार शब्दांत लिहिलं जातं. बाळाला पाच अक्षरी नाव ठेवलं तर रकाना पुरत नाही. दोन अक्षरी नावाची शिफारस करणारा आश्वलायन इतक्या वर्षांनी सरकारी फॉर्ममध्ये बरोबर ठरला!

देवनागरी आधी ठरवा आणि रोमन अक्षरं नंतर. ऋतुजाची रुतुजा आणि रितुजा, ज्ञानेशचा द्न्यानेश आणि ग्यानेश, तुळशीच्या ‘ळ’चा ‘ल’: आधारवर एक, दाखल्यावर दुसरं. अंकशास्त्राच्या नादाने घुसवलेला जादा ‘ए’ पुढे प्रत्येक ठिकाणी स्वतःची ओळख पटवत बसतो. बारशाच्या दिवशीच कागदाच्या एका बाजूला देवनागरी आणि दुसऱ्या बाजूला रोमन असं लिहून आईबापांच्या हाती द्यावं.

शेजारच्या मोहल्ल्यातही हेच दुखणं आहे. कोकणी मुसलमानांत सातव्या दिवशी अकिका होतो, नाव अर्थ बघूनच ठेवलं जातं, आणि नोंदवहीत कारकून ‘अब्दुल’ एवढंच लिहून मोकळा होतो. अब्दुल म्हणजे ‘अमक्याचा सेवक’. कुणाचा, ते पुढच्या शब्दात असतं. अब्दुल रहमानमधला रहमान गेला की त्या घराच्या लेखी नावातला देवच गेला. नाव श्रद्धेचं राखून मराठी कसं करावं हे पाहायचं तर अलिबागकडच्या बेने इस्रायली ज्यूंकडे बघावं. किहीमकर, पेणकर, दिवेकर अशी गावची आडनावं त्यांनी लावली आणि धर्मग्रंथातल्या सॅम्युएलचा सामाजी केला, इझिकिएलचा हसाजी. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनाघर) 1796 साली बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर नावाने ऐकले तर कुणाला आपल्याच वाडीतले वाटतील.

राहिली वेळ. बाराव्या दिवसाची घाई सगळ्याच्या मुळाशी आहे. सोयर दहा दिवस, मग बाळंतिणीची न्हाणी, घुगऱ्या, चाकरमान्यांची रविवारची गाडी, यात अर्थ बघायला कोण बसणार? म्हणून नावाची गोष्ट डोहाळजेवणालाच काढा. तुम्ही तिथे जाताच. तीन नावं मुलाची, तीन मुलीची, अर्थासकट लिहून देव्हाऱ्यात ठेवायला सांगा. जन्मानंतर उरतं फक्त नक्षत्र काढणं, आणि त्या नावांचा अक्षराशी मेळ बसला तर उत्तम, नाही बसला तरी काही अडत नाही. बाळ काचेच्या पेटीत असेल, आई दवाखान्यात असेल, तर बारसं महिन्याने करा, तिसऱ्या महिन्यात करा; नाव थांबू शकतं, हे घरच्यांना तुमच्या तोंडून कळलं की त्यांचा जीव निम्मा हलका होतो.

चिठ्ठीचा नमुना सोबत देतो आहोत. अर्ध्या पानात मावतो, मोबाईलवर एकदा करून ठेवला की पुरे.

जन्म: वार, तिथी, वेळ (दवाखान्याच्या नोंदीप्रमाणे).
पंचांग: कोणते.
नक्षत्र, चरण, अक्षर: ____. हे जन्मनावापुरते; घरात ठेवावे.
देवतानाम: ____भक्त. मासनाम: ____.
व्यवहारनाम: ____. कोणत्याही अक्षरावरून. अर्थ: ____. कोणत्या कथेत, स्तोत्रात: ____.
देवनागरी: ____. रोमन: ____.

अर्थाची ओळ रिकामी राहिली, तर कुर्रऽ करायला आत्याला अजून पाळण्यापाशी बोलावू नका.

आपले नम्र,
किनारपट्टीवरच्या शाळांतून संस्कृत-मराठी शिकवलेले काही शिक्षक, आणि गावच्या जन्मनोंदी वर्षानुवर्षं लिहिलेले काही जण